बकरीने सोडलेलं बारावं सूप

"हट्! हट्! अवं पार्वतीबाई, तुही बकरी पाह्य वं!"

आनंदराव मेश्राम ओरडत व्हरांड्यात धावले, तोवर कारभार आटोपला होता. माघातल्या अवकाळी पावसाने ओल धरली म्हणून प्रयोगशाळेतल्या अडुळशाच्या वाळक्या पाल्याची बारा सुपं उन्हाला ठेवली होती. राखणीला शिपाई आनंदराव. काचेची भांडी आवरायला ते क्षणभर आत गेले आणि शेजारणीच्या बकरीने डाव साधला.

प्रयोगशाळेचे प्रमुख मधुकरराव साहेब बाहेर आले आणि मटकन पायरीवर बसले. खोकल्याच्या औषधात पडतो तो अडुळसा खरा की खोटा, हे ओळखायची कसोटी साऱ्या देशासाठी ठरवायची होती आणि ते काम नागपूरला त्यांच्याकडे आलं होतं. दोन वर्षं खपून त्यांनी बाजारातल्या अकरा दुकानांचा पाला तपासला. अकराही नमुने एकमेकांशी तंतोतंत जुळले. बारावा आनंदरावांनी कन्हानकडच्या बहिणीच्या शेतावरून स्वतः आणलेला. तो काही केल्या जुळेना. "भलताच पाला आणलात," म्हणून साहेबांनी त्याच्यावर लाल फुली मारली आणि तेव्हापासून आनंदरावांना घास गोड लागत नव्हता. खोटा माल आणणारा माणूस! सगळ्या नोकरीत असं त्यांना कोणी बोललं नव्हतं. सोमवारी अहवाल दिल्लीला जाणार होता, फुलीसकट.

"आता या निष्काळजीपणाचा लेखी खुलासा द्या," साहेब म्हणाले.

तेवढ्यात पार्वतीबाई पदर खोचून कुंपणाशी आली. "काहून बोंबलून राहिले गा? माही बकरी मरून जाईन, पण अडुळश्याले तोंड नाही लावणार! तिच्या भेवानंच त मी अडुळश्याचं कुंपण लावलं. एक पान तरी कुरतडलं काय तिनं? पाहा ना!"

आनंदरावांनी कुंपण पाहिलं, मग सुपं पाहिली. अकरा सुपं चाटूनपुसून साफ. बारावं बकरीने नुसतं हुंगून सोडलं होतं. ते साहेबांकडे वळले.

"साहेब, हे अकरा अडुळसा नव्हेच! हा महारुखाचा पाला होये. गावाकडे बकऱ्यांसाठी हाच छाटतेत. वाळला, चुरला की कोन ओळखते?"

"अकरा दुकानं खोटी आणि तुम्ही एकटे खरे?" साहेब उसळले. अडुळसा त्यांनी जन्मभर बरणीतच पाहिलेला.

"मी कुठं म्हणून राहिलो? बकरी म्हणून राहिली!"

आनंदरावांनी कुंपणाची फांदीच मोडून आणली. पांढऱ्या फुलांसकट आलेल्या अडुळशाला नाही म्हणायची सोय नव्हती. साहेबांनी पानाचा पातळ पापुद्रा काढून मायक्रोस्कोपखाली सरकवला. मागे आनंदराव उभे, दारात पार्वतीबाई बकरीचं दावं धरून.

साहेबांनी कुंपणाचं पान पाहिलं, बारावा नमुना पाहिला, पुन्हा कुंपणाचं पान पाहिलं. मग बरणीत उरलेला बाजारचा चुरा. आणि खुर्चीतून ते उडालेच.

"हुबेहूब! आनंदराव, कुंपणाचं पान बाराव्याशी हुबेहूब! बाजारचा चुरा निराळाच! अहो, खोट्यालाच आपण खऱ्याचा शिक्का मारून देशभर वाटणार होतो. अस्सल पाला विकणारा गुन्हेगार ठरला असता!"

साहेब हसत होते, टाळ्या पिटत होते. मग पुन्हा बसून, अहवाल पुढ्यात ओढून त्यांनी पहिल्या पानावर तिरपी रेघ मारली, दुसऱ्यावर मारली. तिसऱ्या पानाशी हात जरा थांबला. दोन वर्षं होती ती. तरी त्यांनी शेवटच्या पानापर्यंत रेघा ओढल्या आणि ते उठून खुर्चीच्या मागे उभे राहिले.

"बसा. बघा."

"मी?"

"मग काय बकरी?"

आनंदरावांनी खाकी पँटला हात पुसले. बावीस वर्षं हे यंत्र ते रोज लख्ख करून ठेवत आले होते. त्यातून पाहा असं त्यांना कोणी म्हटलं नव्हतं आणि त्यांनीही कधी विचारलं नव्हतं. खुर्चीच्या कडेवर अंग चोरून बसत त्यांनी डोळा लावला.

"दिसलं?" साहेबांनी विचारलं.

आनंदरावांनी मान हलवली, पण डोळा काढला नाही. दुसरी खुर्ची खोलीत नव्हती. साहेब उभेच राहिले.