एका टोपलीतल्या शेंगा

दोन बकऱ्यांनी सकाळी एकाच टोपलीतून बाभळीच्या शेंगा खाल्ल्या. दुपार होण्याआधी त्यांतली एक मेली. दुसरी तिच्या शेजारीच बांधलेली होती आणि रवंथ करत होती.

मेलेल्या बकरीच्या अंगावर जखम नव्हती. पोट फुगलेलं नव्हतं. तोंडाशी थोडा फेस होता, एवढंच. गिरिधर तिच्याकडे पाहत उभा राहिला तेव्हा त्याच्या मनात बकरी नव्हतीच. तिचं सकाळचं दूध त्याच्या मुलाच्या पोटात होतं.

१९३६ सालचा चैत्र होता. गिरिधर नागपुरातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होता आणि सक्करदऱ्याच्या अलीकडे, वस्ती विरळ होते तिथे राहत होता. पत्नी प्रेमलता बाळंतपणानंतरच्या तापाने दवाखान्यात पडून होती. बाळाला गाईचं दूध पचत नव्हतं. पाजलं की ओकत होतं. म्हणून गिरिधरची थोरली विधवा बहीण यमुताई येऊन राहिली होती आणि तिने दोन बकऱ्या पाळल्या होत्या. चांदी अंगाने दांडगी होती, काळी गरीब. मेली ती चांदी.

"मी त्याले पाजलं रे," यमुताई म्हणाली. तिने बाळाला छातीशी इतकं घट्ट धरलं होतं की त्याला श्वास घेता येतो की नाही, अशी गिरिधरला शंका आली. "माह्या हातानं पाजलं. वाटीभर."

शेजारी रुपराव कुंपणावरून वाकून पाहत होता. त्याची शेती होती, जनावरं होती आणि प्रत्येक बाबतीत मत होतं. "मास्तर, हात नका लावू तिले. फाशी असन."

फाशी म्हणजे गुरांना उभ्या उभ्या पाडणारा आणि माणसालाही लागणारा रोग. गिरिधरने पुढे केलेला हात मागे घेतला. "फाशीत नाकातोंडातून रक्त येतं, रुपराव."

"मंग येईन ना! आत्ताच मेली बिचारी. रक्ताले काय घाई हाये?" रुपराव म्हणाला. "पारशिवनीले माह्या साळ्याचा कळप असाच गेला. सकाळी चरून राहिला होता, दुपारी पाय वर."

"भाऊजी, तोंड आवरा हो जरा," यमुताई रडवेली झाली. "लेकरू आहे समोर."

गिरिधरने काडीने चांदीचा ओठ उचलला. हिरड्या लालभडक होत्या. गुदमरून मेलेल्या जनावराच्या हिरड्या निळसर पडायला हव्यात. लालभडक हिरड्यांविषयी कुठे तरी वाचल्याचं त्याला आठवत होतं. कुठे आणि कशाच्या संदर्भात, ते आठवत नव्हतं. विचार करण्याचीच ज्याची नोकरी, त्याला या घटकेला विचार सुचत नव्हता. त्याने बाळाकडे पाहिलं. बाळाचे गालही लाल होते. चैत्राच्या उन्हात तान्ह्या मुलाचे गाल लालच असतात, हे त्याला कळत होतं. तरी तो यमुताईकडे वळला.

"ताई, दूध आधी काढलंस, की टोपली आधी ठेवलीस?"

"टोपली समोर असल्याशिवाय ती उभी कुठं राहते? लाथा झाडते. ती खात राहते, मी पिळत राहते. रोजचंच आहे ते."

"आणि शेंगा कुठल्या?"

"ओढ्याकाठच्या बाभळीखालच्या, आज पहाटे वेचलेल्या. पडलेल्याच घेतल्या, झाडाले काठी लावली नाही," ती घाईघाईने म्हणाली, जणू तिच्यावर कुणी चोरीचा आळ घेतला होता. "निम्म्या तिथंच ठेवल्या, बाकीच्यांच्या बकऱ्यांसाठी. काहून विचारून राहिला असं?"

ओढ्याकाठाचा तो जुना रिवाज होता आणि यमुताई तो सोवळ्यासारखा पाळत असे. शेंग झाडावर पिकू द्यायची, आपोआप पडली की उचलायची, आणि सगळी उचलायची नाही. झाडाला बी राहतं, शेजाऱ्याला चारा राहतो आणि जनावराच्या तोंडी कच्चं काही जात नाही.

गिरिधरने टोपली अंगणात पालथी केली. तळाशी थोड्या शेंगा उरल्या होत्या. बहुतेक राखाडी, मण्यांच्या माळेसारख्या, दाण्यादाण्यापाशी आवळलेल्या. त्या बाभळीच्या, यात शंका नव्हती. पण चार-दोन वेगळ्या होत्या: चपट्या, विळ्यासारख्या बाकदार, तांबूस लव असलेल्या आणि हिरव्या. एक शेंग डहाळीसकट आली होती. डहाळीवर पांढऱ्या सरळ काट्यांची जोडी होती.

"काटे तं बाभळीचेच," यमुताई म्हणाली.

काटे बाभळीसारखेच होते. त्यावरून काहीच ठरत नव्हतं. तो ओढ्याकडे धावला.

बाभूळ काळी होती, सालीला खोल उभ्या भेगा. तिला खेटून दुसरं झाड होतं, छत्रीसारखं पसरलेलं. त्याची साल पिवळट पांढरी होती आणि तिचे पापुद्रे सुटत होते. तो हिवर होता, बाभळीच्याच जातकुळीतला. आदल्या संध्याकाळी वावटळ सुटून गारा पडल्या होत्या. हिवराची एक फांदी मोडून बाभळीवर टेकली होती आणि बाभळीच्या बुंध्याखाली हिरव्या बाकदार शेंगांचा सडा पडला होता. त्याने दोन्ही झाडांच्या शेंगा गोळा केल्या, हिवराच्या जुन्या सुकलेल्याही घेतल्या, आणि त्या वेगवेगळ्या बांधल्या. 

"हिवर?" गिरिधर परतल्यावर शेंगा पाहून रुपराव हसला. "हिवर तं माह्या बकऱ्या दरसाल खातेत. एकही मेली नाई. मास्तर, तुमचं शास्तर बकरीपेक्षा भोळं हाये गा!"

रुपरावचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि त्यानेच गिरिधरला अधिक भीती वाटली. हिवर नसेल तर उरत होती ती फाशी.

सायकलवरून तो आधी डॉक्टरांकडे गेला. डॉक्टर मधुकररावांनी सगळं ऐकून घेतलं. "बाळ रडतंय? हातपाय हलवतंय? मग आत्ता तरी ठीक आहे. साखरेचं पाणी द्या. बकरी कशाने मेली ते शोधून काढा, म्हणजे मी काय करायचं ते सांगतो. मी संध्याकाळी येतोच."

कॉलेजच्या प्रयोगशाळेतून त्याने पिक्रिक अ‍ॅसिड, सोडा, क्लोरोफॉर्म, गाळणकागद आणि बुचाच्या बाटल्या घेतल्या. त्या घेण्याआधी, विषांच्या कपाटातल्या बाटलीवरची चिठ्ठी वाचताना, लाल हिरड्या कुठे वाचल्या होत्या ते त्याला आठवलं होतं. प्रुसिक अ‍ॅसिडच्या विषबाधेत रक्त लालभडक राहतं. काही वनस्पती चुरडल्या की ते विष सुटतं, आणि पिक्रिकचा पिवळा कागद त्याच्या वाफेने विटकरी होतो. या आठवणीने त्याला आनंद झाला नाही. त्याच विषाचा एक अंश लहान मुलाला पुरतो, हेही तिथेच वाचलेलं होतं.

परतला तेव्हा घरातून आवाज येत नव्हता. सायकल त्याने अंगणातच टाकली. उंबऱ्यापाशी तो थबकला.

"हळू ये," आतून यमुताई कुजबुजली. "आत्ताच डोळा लागला त्याचा. भुकेनं रडून रडून थकलं. काळीचं दूध देऊ का थोडं?"

"थेंबही नाही."

"मंग काय उपाशी मारतोस का त्याले?"

त्याने बाळाच्या नाकाशी बोट धरलं. श्वास येत होता. तो मोजू लागला आणि आकडा पुन्हा पुन्हा चुकला.

मग त्याने शेंगा पाण्यात वाटल्या, प्रत्येक बाटलीत एकेक प्रकार घातला, पेशी फुटून विष सुटावं म्हणून क्लोरोफॉर्मचे थेंब टाकले आणि बुचाखाली पिक्रिक आणि सोड्यात भिजवलेला पिवळा कागद लोंबता ठेवला. एका बाटलीत सकाळच्या लोटीत उरलेलं चांदीचं दूध होतं. दुसरीत काळीचं, आत्ता काढलेलं. बाटल्या त्याने तापल्या अंगणात ठेवल्या आणि समोर उकिडवा बसला. रुपराव कुंपणापाशी येऊन पाहू लागला.

हिवराच्या हिरव्या शेंगांवरचा कागद आधी नारिंगी झाला, मग विटकरी. हिवराच्या सुकलेल्या शेंगांवरचा जरासा नारिंगी होऊन थांबला. बाभळीचा पिवळाच राहिला.

चांदीच्या दुधावरचा कागद नारिंगी दिसत होता.

गिरिधर बाटलीवर वाकला. यमुताई दारातून म्हणाली, "काय झालं रे? बोल ना!"  गिरिधरने बाटली उचलली, सावलीत नेली, पांढऱ्या धोतराच्या सोग्यासमोर धरली. कागद पिवळा होता. ती बाटली ओळीच्या टोकाला होती आणि उतरत्या उन्हाचा रंग फक्त तिच्यावर पडला होता. खात्री व्हावी म्हणून त्याने नवा कागद लावला आणि बाटली सावलीतच ठेवून पुन्हा वाट पाहिली. तोही पिवळा राहिला. काळीच्या दुधाचाही.

डॉक्टर आले, त्यांनी बाळाची छाती ऐकली, कागद पाहिले आणि मान डोलावली. यमुताईने काळीचं दूध उकळून वाटीत काढलं. घाईत निम्मं दूध बाळाच्या गळ्यावर सांडलं. उरलेलं ते घटाघटा प्यायलं.

बकरीच्या मृत्यूचं कारण असं ठरलं. आपोआप पडलेली शेंग पिकलेली असते, हा नियम एरवी बरोबर आहे. वादळाने पाडलेल्या शेंगेला तो लागू नाही. बाभळीखाली पडलेली शेंग बाभळीचीच असते असंही नाही. यमुताईने शेंग न पाहता वरचं झाड पाहिलं आणि गारांनी पाडलेल्या हिवराच्या कच्च्या शेंगा टोपलीत आल्या. पिकून सुकलेल्या शेंगांत विष थोडं असतं, म्हणून रुपरावच्या बकऱ्या वाचत होत्या. हिरव्या शेंगांत ते पुष्कळ असतं. दांडग्या चांदीने काळीला ढकलून हिरव्या, मऊ शेंगा आधी खाल्ल्या आणि काळीच्या वाट्याला सुकलेल्या बाभळीच्या शेंगा आल्या. चांदी खात होती तेवढ्यातच तिची धार काढून झाली, म्हणून विष दुधात उतरायला वेळच मिळाला नव्हता.