मावशीचा हात

रुफिनाने शंखातला खेकडा दगडावर आपटून फोडला आणि बहिणीच्या हद्दीतल्या झाडाच्या बेचक्यात ठेवला. वर आगा वाटच पाहत होता. रोटा बेटावरचा हा कावळा अंगाने लहान, पंखांवर निळसर झाक असलेला. माणूस दिसला की गर्द रानात पसार होणारा. पण तीन आठवडे फुकटचे खेकडे खाऊन तो धीट झाला होता आणि त्याच्या मादीने त्याच झाडावर काटक्या रचायला घेतल्या होत्या.

आगाने घरटं केलं की कायद्याने आसपास कुऱ्हाड चालवता येत नाही. रुफिनाला तेच हवं होतं. थोरल्या बहिणीचा, इग्नासियाचा मुलगा लिनो ग्वामहून परत येऊन तिथे घर बांधणार होता. रुफिनाची मुलं गेली ती गेलीच; नाताळात एक फोन, बस्स. ताईचंच सगळं कसं जमून येतं, या विचाराने तिचा नुसता जळफळाट व्हायचा.

घरटं झालं. वनखात्याची बाई येऊन झाडाला लाल फीत बांधून गेली.

"दरवर्षी इथेच येतील म्हणे," इग्नासिया कपाळाला हात लावून म्हणाली. "मेल्यांना अख्ख्या बेटात माझंच झाड दिसलं!"

"नशीब एकेकाचं, ताई."

घराची जागा आखायला आलेला लिनो बेत सोडून सोमवारी ग्वामला परत निघाला. रुफिना नुकतीच झाडाकडून आली होती. खेकडे ठेवायची आता सवयच झाली होती. थोरांचा निरोप घेताना घेतात तसा त्याने वाकून मावशीचा हात नाकाशी नेला आणि खेकड्यांचा वास येताच तसाच थांबला. झाडाखालचा फुटक्या शंखांचा ढीग त्याने रोज पाहिला होता. रुफिनाने हात मागे ओढला.

"काय रे, काय झालं?" इग्नासियाने विचारलं.

"काही नाही, आई." त्याने खिशातून घराचा नकाशा काढून मावशीच्या हातात दिला. "तूच ठेव आता."

"ती मागची खोली बघ," इग्नासिया म्हणाली. "तुझी होती. वादळात तुझं छप्पर उडालं ना, तेव्हाच यानं ठरवलं होतं, मावशीला एकटं ठेवायचं नाही."

लिनो पिशवी उचलून गाडीत बसला.

दुसऱ्या दिवशी रुफिना झाडाकडे गेली नाही. उन्हं चढल्यावर आगाच तिच्या दारातल्या कुंपणावर येऊन बसला आणि घसा ताणून ओरडू लागला. तिने हाकललं, तरी हलेना.

"रुफिना," पलीकडून इग्नासियाची हाक आली, "तुझ्याकडे काय मागतोय गं तो?"