गुणाजी परबांची टेप

गिरणी कामगारांच्या मुलाखती घेणारे प्राध्यापक रेगे सर वारले आणि त्यांच्या कागदांच्या, टेपांच्या अकरा पेट्या आमच्या डोक्यावर आल्या. पंच्याऐंशी साली विद्यापीठाचं अभिलेखागार मुलुंडला एका गाळ्यात होतं. काय ठेवायचं आणि काय रद्दीत, ते आमचे साहेब श्यामकांत सामंत ठरवत. टेपांचा त्यांचा नियम सोपा. सुरुवातीचं, मधलं, शेवटचं एकेक मिनिट ऐकायचं. तिन्हीकडे काही नसेल तर डब्यावर लाल खडू, आणि टेप पुसून नव्या व्याख्यानाला वापरायची.

माझा जीव त्या टेपांत अडकला होता. माझे बाबा, गुणाजी परब, भांडुपला राहणारे गिरणी कामगार. रेगे सरांनी एकसष्ट साली त्यांची मुलाखत घेतलेली. "माझो आवाज युनिव्हर्सिटीत ठेवलेलो आसा," असं ते लग्नाकार्यात सांगत फिरायचे आणि आम्ही फिदीफिदी हसायचो. मागच्या दिवाळीत गेले. आता त्यांचे शब्द आठवतात, आवाज आठवत नाही. सांगायलाही लाज वाटते.

एकतिसाव्या डब्यावर त्यांचं नाव निघालं. साहेबांनी तीन मिनिटं ऐकली. नुसती खरखर.

"साहेब, जेवून या, मग मारा खडू."

"कुंदा, घरचं माणूस म्हणून नियम बदलणार नाही हां."

"मी कुठे बदला म्हटलं?"

ते गेले. मी डबा सोडलाच नाही. टेप पहिल्यापासून लावली.

खरखरीतून रेगे सर आले. "गुणाजी, गाव कुठलं?" मग लांब शांतता, आणि तिच्यात खोकला. कापसाच्या धुळीचा, कोरडा. बाबाच. सर म्हणाले, "अस्सं. आणि मुंबईत कधी आलात?" पुन्हा शांतता, पुन्हा खोकला. प्रत्येक प्रश्नाला तेच. माझं टाळकं सटकलं.

"बाबा, बोला ना काहीतरी. पुसून टाकतील तुम्हाला."

"घरात कोण कोण?" सरांनी विचारलं.

माझ्या तोंडून निघून गेलं, "आई आणि मी. बाबा मागच्या दिवाळीत गेले."

टेपवरचे सर थांबले. "अरेरे. मग त्यांचं तूच सांग."

मशीन बंद करायला हात गेलाही, पण बंद केलं असतं तर लाल खडूच. म्हणून सांगत बसले. गाव, गिरणीतल्या पाळ्या, दशावतारातली सोंगं, सगळं. सर विचारत गेले, मी बोलत गेले.

साहेब परतले, खडू हातात घेऊन त्यांनी पुन्हा तीन मिनिटं ऐकली. मग माझ्याकडे बघितलं. "कुंदा, हा तुझा आवाज."

"हो."

त्या मशीनचं रेकॉर्डचं बटण वर्षभरापूर्वी तुटलेलं, ते त्यांनाही ठाऊक होतं. त्यांनी 'ठेवणे' असं लिहून डब्यावर चिठ्ठी चिकटवली आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

मी अख्खी टेप परत ऐकली. सरांचा प्रश्न, माझं उत्तर, सरांचा प्रश्न, माझं उत्तर. मी एवढी बडबडले होते की बाबांना खोकायलाही जागा ठेवली नव्हती.