गच्चीवरची पवनचक्की

गच्चीवरच्या खोलीत बॅटऱ्यांच्या मागे हात घातला तेव्हा लेकीच्या बोटांना चार्जर लागला. गरम होता. त्याची वायर पत्र्याच्या ट्रंकेमागून भिंतीतल्या सॉकेटपर्यंत गेली होती, आणि त्या सॉकेटला वीज कंपनीचीच वीज होती.

बाहेर वडील पवनचक्कीला तेल घालत होते. दोन उंच इमारतींच्या बेचक्यात ती जरा फिरायची, अडखळायची, थांबायची. कामाला होते तो कारखाना बंद पडल्यावर ते कितीतरी दिवस कुणाशी धड बोलले नव्हते. ही उभी केली आणि घरात पुन्हा त्यांचा आवाज ऐकू येऊ लागला.

"उद्या वायरमन येतोय मीटर काढायला," ते म्हणाले. "महिनाभर अख्खं घर हिच्यावर चाललंय. तू यातलीच. आईला जरा समजाव, उगाच घाबरते."

लेक मोठ्या पवनचक्क्यांच्या दुरुस्तीवर होती. ती खाली गेली. आई फ्रिजच्या दारात इन्सुलिन ठेवत होती.

"चार्जर तू लावतेस ना?"

आईने दार हलकेच लावलं. "ते दुपारी झोपतात तेव्हा. उठायच्या आत काढते. आज राहिला." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आत्ता कुठे माणूस चार घास नीट जेवतोय. तू मध्ये पडू नकोस."

"मीटर गेल्यावर चार्जर कुठे लावशील? आणि हे इन्सुलिन?"

आई कोरडेच हात पुसत राहिली.

लेक पुन्हा वर आली.

"बाबा, माळावरची मोठी पवनचक्की शेकडो घरांना पुरते, पण वर्षाचा हिशोब धरून. वारा पडला की त्या घरांनाही दुसरीकडची वीज लागते. आपली ही दोन दिवे चालवेल, फार तर एखादा पंखा. तेही वारा असला तर."

"मग महिनाभर घर कशावर चाललं?"

तिने बॅटऱ्यांमागचा चार्जर काढून त्यांच्या हातात दिला. ते तो उलटसुलट करून बघत राहिले. आता ते चिडतील असं तिला वाटलं.

"तुझी आई रोज लावायची?"

"रोज दुपारी."

"तीन जिने," ते म्हणाले. "डॉक्टरांनी तिला एकसुद्धा चढू नको म्हणून सांगितलंय."

ते पायरीवर बसले.

"वायरमनला येऊ नको म्हणून कळव. चार्जर मी लावत जाईन. तिला यातलं काही बोलू नकोस." गुडघ्यावर हात टेकून ते उठले. "उद्यापासून मी दुपारचा झोपत नाही."