व्हय म्हाराजा

हातखंब्यापासून तीन कोस आत असलेल्या त्या गावात निवडणुकीचा निकाल आधी देवळात लागायचा, मग रत्नागिरीत. आनंदा गुरव ग्रामदेवीच्या अंगाला भिजवलेली पाकळी चिकटवायचा, गाऱ्हाणं घालायचा आणि सारा गाव 'व्हय म्हाराजा' म्हणायचा. पाकळी उजवीकडून पडली की होकार, डावीकडून पडली की नकार. सहा निवडणुका लागोपाठ कौल खरा ठरला होता. हे आनंदा स्वतःच चारचौघांत सांगायचा, कुणी विचारायची वाट बघायचा नाही.

यंदा निवडणुकीच्या तोंडावर आमदारांचा पक्षच दुभंगला. एकीकडे म्हातारे पक्षप्रमुख आणि दुसरीकडे तीस वर्षं त्यांचा उजवा हात म्हणून मिरवलेला नेता; मुख्यमंत्रिपदावरून दोघांची जुंपली. आमदार शुभंकरराव कितीतरी दिवस तळ्यात-मळ्यात करत होते. एका सकाळी ते देवळात आले आणि गावादेखत हात जोडून म्हणाले, "म्हाताऱ्या साहेबांजवळ राहू का, एवढंच देवीला विचारा. ती सांगेल तसं वागेन."

पाकळी उजवीकडून पडली. आनंदाचे डोळे भरून आले. शुभंकररावांनी दंडवत घातला आणि गाडीत बसून गेले.

दुपारी आनंदाची बायको सत्यवती त्याला जेवण वाढत असताना शुभंकरराव टीव्हीवर दिसले, गळ्यात दुसऱ्या गटाचा पट्टा घालून. पत्रकारांना हसत सांगत होते, "आमच्या ग्रामदेवीनं उजवा कौल दिला. म्हणून साहेबांच्या उजव्या हाताकडं आलो."

आनंदाचा घास हातातच राहिला. माणसं शब्द फिरवतात हे त्याला ठाऊक होतं, पण देवीचाही शब्द कुणी असा फिरवील हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. त्याला धड रागही येईना.

राग दुसऱ्या दिवशी आला. त्यानं गाव गोळा केला आणि खणखणीत गाऱ्हाणं घातलं, "आई, ह्यानं तुझा शब्द फिरवला. ह्याला पाड. हा निवडून आला तर मी तुझ्या अंगाला परत पाकळी लावणार नाय!"

"व्हय म्हाराजा," गाव एका आवाजात म्हणाला. सत्यवतीही म्हणाली. बापजाद्यांपासून चालत आलेला मान आनंदानं पणाला लावला होता, पण त्याला धास्ती नव्हती. शुभंकरराव पडले म्हणून समजा, असं तो हातखंब्याच्या टपरीवर सांगून आला.

शुभंकरराव दणदणीत निवडून आले. टीव्हीवरची बाई 'जनतेचा कौल, जनतेचा कौल' म्हणत राहिली. बाकीच्या मतदारसंघाचं आनंदानं मनाला लावून घेतलं नसतं. पण मतमोजणीला बसलेला गावातला पोरगा संदेश संध्याकाळी गावाचे आकडे घेऊन आला: चारशे एकतीस मतं, त्यातली तीनशे सत्त्याण्णव शुभंकररावांना. आनंदानं ते दोनदा वाचायला लावलं. मग उरलेल्या चौतिसात कोण कोण असेल ते बोटांवर मोजू लागला. पहिलं स्वतःचं, दुसरं सत्यवतीचं.

"माझं नका धरू त्यात," सत्यवती तांदूळ निवडता निवडता म्हणाली. "सत्तेत असेन तर पऱ्यावर साकव बांधतो म्हणालाय तो. गेल्या पावसात पूल नाय म्हणून ओढ्याच्या कमरेएवढ्या पाण्यातनं टोपली घेऊन आले मी. तुमी बघितलंत."

"मग देवळात व्हय म्हाराजा का म्हटलंस?"

"गाऱ्हाण्याला दुसरं काय म्हणतात?"

आनंदानं मोजायला धरलेली बोटं मिटली. चाळीस वर्षं तो गाऱ्हाणं घालत आला होता आणि चाळीस वर्षं त्याला वाटत होतं की गाव ऐकतोय.

सकाळी देवळाच्या पायरीवर काशी बसली होती. लेकीला स्थळ आलं होतं, कौल हवा होता. आनंदानं पाकळ्या भिजवलेलं पाणी जास्वंदीच्या बुंध्याशी ओतलं आणि आजपासून कौल बंद, असं सांगितलं.

त्या गाऱ्हाण्याच्या दिवशी काशी पहिल्या रांगेत उभी राहून 'व्हय म्हाराजा' म्हणाली होती. ती गडबडून उभी राहिली.

"का ओ गुरव? काय झालं?"