मी काही वाचायची नाही

आम्रपाली म्हणजे आमच्या घरातला फटाका. माझी धाकटी बहीण. विश्रांतवाडीच्या पार्लरमध्ये तिचा हात असा चालतो की बायका तिच्यासाठी खोळंबून बसतात. पण कधी कशावरून बिनसेल, नेम नाही. डॉक्टर भाग्यश्रींनी त्याला बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार म्हटलं आणि शनिवारच्या उपचार-गटात बसवलं. मागे तिनं एकदा झोपेच्या गोळ्या खाल्ल्या होत्या. "पुन्हा जिवाचं काही बोललात, तर भरती करावं लागेल," असं त्यांनी बजावलं होतं. भरतीची तिला भयंकर धास्ती.

त्या शनिवारी गटातून उठून तिचा फोन. "ताई, मी काही वाचायची नाही!" आणि कट.

मी लगेच डॉक्टरांना कळवलं, खडकीहून रिक्षा केली, सिग्नल लागला तरी रिक्षावाल्यालाच बोलले. पोचते तर काय, बाईसाहेब क्लिनिकच्या पायरीवर चहा पीत बसलेल्या! शेजारी डॉक्टर, हॉस्पिटलला फोन लावायच्या बेतात.

"अगं, मरायचं बोलतेस आणि वर चहा पितेस?"

"मरायचं कोण बोललं? सगळ्यांसमोर कागद हातात देऊन मोठ्यानं वाचायला लावलं. वाचायची नाही म्हटलं मी!"

"का बरं?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुमचा तो गट म्हणजे ना..." ती तोंड सोडणार, तेवढ्यात तिचं लक्ष डॉक्टरांच्या मोबाइलकडे गेलं. आवाज एकदम खाली आला. "येतच नाही मला. जोडाक्षर आलं की गाडी अडते, ओळ सुटते. दहावीसुद्धा आईनं वाचलेलं ऐकून काढली. वर्गात माझी पाळी आली की शेजारणीशी भांडण उकरून काढायचे. बाहेर उभं केलं की सुटले."

एका खोलीत वाढलो आम्ही, आणि मला पत्ता नाही!

डॉक्टरांनी मोबाइल पर्समध्ये टाकला. "भरती नको. पण ही दोन दुखणी आहेत, एकमेकांत गुंतलेली. वाचण्याची वेगळी तपासणी करू. तोवर गटात तुम्ही फक्त ऐकायचं आणि बोलायचं."

"म्हणजे मी भांडखोर पण आणि ढ पण?"

"भांडखोर आहात. ढ नाही."

ती खळखळून हसली आणि हसता हसताच रडायला लागली. मी जवळ घेतलं. मग नाक पुसून आत गेली. बाहेर मला तिचा आवाज आला, "मला वाचता येत नाही. कुणीतरी वाचा, मी ऐकते."

कुणी हसलं नाही.