हळू दाबलेलं बटण

अकरा वर्षं तिने कारखान्यात सर्किट बोर्डांवर सोल्डरचे टाके घातले. लाइनवरच्या बायका तिला सोल्डरताई म्हणायच्या. अडतिसाव्या वर्षी संध्याकाळचे वर्ग करून तिने डिप्लोमा पदरात पाडून घेतला, तरी नाव तेच राहिलं. तिला आता बोर्ड जोडायचे नव्हते. त्यांच्या डोक्यात काय चालावं, ते लिहायचं होतं.

उजळणी नवऱ्याने घेतली. तो बसचालक. सकाळी ड्यूटीवर निघण्याआधी चहा पीत पुस्तकातले प्रश्न वाचायचा. अर्थ त्याला ओ की ठो कळायचा नाही.

"वॉचडॉग म्हणजे काय?"

"राखणीचा कुत्रा. प्रोसेसरने ठरावीक वेळाने त्याला हाक मारायची. हाक आली नाही, की तो समजतो मालक बेशुद्ध पडला. मग सगळं यंत्र बंद करून पुन्हा सुरू करतो."

"पुस्तकात कुत्रा कुठे दिसत नाही."

"नसू दे. माझ्या डोक्यात बसलाय ना!"

वरच्या मजल्यावरच्या कोड विभागात जागा निघाली तसा तिने अर्ज ठोकला. मुख्य इंजिनीअर सरळ बोलणारा माणूस.

"हात चांगला आहे म्हणून कोडही जमेल असं नसतं, बाई."

"तीन महिने बघा. नाही जमलं तर खाली माझी खुर्ची आहेच."

पहिले पंधरा दिवस तिला कुणी एक ओळ लिहू दिली नाही. जुन्या फायली वाचा, एवढंच. ती वाचत राहिली.

कारखान्यात औषधाचे पंप बनत. पेशंटच्या शिरेत थेंब थेंब औषध सोडणारे. नव्या खेपेतले काही पंप चाचणीत मधेच बंद पडून आपोआप सुरू व्हायला लागले. दवाखान्यात असं झालं तर जिवाशीच खेळ, म्हणून माल रोखला. चार इंजिनीअर नऊ दिवस कोड पिंजत बसले. त्यांच्या टेबलावर पंप शहाण्यासारखा चालायचा. खाली चाचणी विभागात गेला की पुन्हा रुसायचा.

"तुम्ही खाली बसून पंप बंद पडण्याच्या वेळा टिपा," तिला सांगण्यात आलं. कारकुनी काम. ती वही घेऊन बसली.

चाचणीवाल्या मावशींचं काम निवांत. बटणावर बोट टेकवायचं, थांबायचं, मग हळूच दाबायचं. त्यांनी तिसऱ्यांदा दाबलं आणि पंप बंद पडला, पुन्हा सुरू झाला.

"मावशी, परत दाबा. तस्संच. हळू."

पुन्हा तेच. वरची मंडळी तर बटणं टकाटक दाबत होती! तिने तो पंप आणि एक चांगला पंप शेजारी शेजारी उघडले. बिघडलेल्याच्या बटणाचा तळ करडा होता, चांगल्याच्या बटणाचा काळा. गेल्याच महिन्यात ही करडी बटणं तिने स्वतः बसवली होती. हाताला जरा बुळबुळीत लागली होती.

तिने विजेची हालचाल पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप लावला. एकदा दाबलं की पडद्यावर एकच पायरी दिसायला हवी. इथे आख्खा कंगवा उमटला. बटण हळू दाबलं की आतले पत्रे थरथरत, आणि प्रत्येक दात म्हणजे प्रोसेसरला एक नवी हाक: दाबलं, दाबलं, दाबलं! तो बिचारा दर हाकेला धावता धावताच दमायचा आणि कुत्र्याला हाक मारायची राहून जायची.

ती जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढली.

"बटणं खराब आहेत, बदलू," एक इंजिनीअर म्हणाला.

"बदला. पण उद्या दुसरी खेप अशीच आली तर? बटण थरथरणारच. कोडने ते गिळायला हवं. पहिली हाक ऐकायची आणि पुढचा थोडा वेळ बटणाकडे लक्षच द्यायचं नाही."

मुख्य इंजिनीअरने तिच्याकडे पाहिलं, मग पडद्यावरच्या कंगव्याकडे. "लिहा."

ती कीबोर्डपुढे बसली आणि लिहू लागली. दोन चुका निघाल्या, तिने सुधारल्या. सगळा मिळून नऊ ओळींचा मामला. कोड पंपात भरला आणि मावशींपुढे ठेवला.

मावशी दाबत गेल्या. पन्नास. शंभर. दोनशेला मावशींनी बोट बदललं. पाचशे झाले तरी पंप अखंड चालत राहिला. मग बिघडलेले सगळे पंप आणले, सगळ्यांत कोड भरला. एकही बंद पडला नाही.

"माझं बोट गेलं, पण पंप वाचला," मावशी म्हणाल्या आणि सगळे हसत सुटले.

मुख्य इंजिनीअरने स्वतःची खुर्ची तिच्याकडे सरकवली. "फाइलीच्या डोक्यावर लिहिणाऱ्याचं नाव असतं. घाला तुमचं. आणि मी चुकलो होतो, हे सगळ्यांसमोर सांगतो."

तिने पूर्ण नाव टाइप केलं. स्वतःचं, वडिलांचं, आडनावही. एकेक अक्षर तपासून.

खाली बातमी तिच्याआधी पोचली होती. लाइनवरच्या बायकांनी टेबलं अशी बडवली, की सुपरवायझर पळत आला आणि कारण कळल्यावर तोही टाळ्या पिटायला लागला. तिने नवऱ्याला दोन शब्दांत कळवलं, तसा लगेच डेपोतून त्याचा फोन आला. पलीकडून कंडक्टरचाही आवाज ऐकू येत होता: "वहिनी, अभिनंदन!"

"काय झालं ते नीट सांग," नवरा म्हणाला, "मला दुपारच्या फेरीत सगळ्यांना सांगायचंय."

आठवड्याने पंप रवाना झाले. तिच्या टेबलावर एक कोरा बोर्ड आला, सोबत चिठ्ठी: पुढच्या पंपाच्या मोटारीचा कोड तुमच्याकडे. तिने बोर्ड उजेडात धरला, उलटसुलट पाहिला आणि खुर्ची पुढे ओढली.